कुंपणाजवळचा रांजण

ओस्मुंदोने कुंपणाजवळच्या रांजणातून पुन्हा एक करवंटी पाणी घेतलं, कोपरापर्यंत हात धुतले, लिंबाची पानं चुरगळून तळव्यांना चोळली आणि हात नाकाशी नेला. त्याचं समाधान झालं. पण खिडकीतून बघणाऱ्या तार्सिलाचं झालं नव्हतं.

"अजून वास येतोय," ती म्हणाली.

"तुला तिथपर्यंत येतो?"

"मला नाही, नोंग मुंदो," ती गावच्या रीतीने 'दादा' अशी हाक मारत म्हणाली. "अळ्यांना येतो."

आता अळ्यांशी कोण वाद घालणार? तो मुकाट्याने बदामाच्या झाडाखालच्या बाकावर, आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसला. आत सुपांमध्ये तुतीचा पाला कुरतडला जात होता आणि त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, छपरावर बारीक सर आल्यासारखा. रेशमाच्या अळ्यांचे हे शेवटचे खादाड दिवस होते. यानंतर त्या तोंड मिटून कोष विणायला बसतात.

तार्सिलाच्या घरात धूर नाही, तंबाखू नाही, अत्तर नाही, डासांची उदबत्ती नाही आणि मासळी तर नावालाही नाही, हे साऱ्या गावाला माहीत होतं. कधीकाळी शेजारच्या कुणीतरी डासांची उदबत्ती लावली आणि सकाळी सगळ्या अळ्या माना टाकून पडल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नेम. समुद्राकाठच्या गावात मासळी न शिजणारं घर म्हणजे कमालच. तिचा नवरा होता तोवर बिचारा सुकी तारली खायला शेजारी कोर्दिंगकडे जायचा. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कोर्दिंग अजूनही वारा कुठला आहे ते बघून कढई चढवते.

आणि अशा बाईवर जीव जडला कुणाचा, तर ओस्मुंदोचा. जन्मभर समुद्रावर मासे धरले, वाळूत मांडव घालून ते खारवले, सुकवले, विकले. त्याच्या घामालाही खारवलेल्या तारलीचा वास येतो, असं त्याची मेलेली बायकोच म्हणायची. गेल्या सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, जत्रेत, ढोल वाजत असताना, त्याने तार्सिलाला विचारलं होतं की आता उरलेले दिवस दोघांनी एका घरात काढले तर कसं. ती हसली नाही, रागावलीही नाही. "या खेपेच्या अळ्या कोषात जाऊ देत, मग बघू," एवढंच म्हणाली. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी येऊन हात धुतो आणि अळ्या कुठवर आल्या ते विचारतो.

"हा माणूस खरोखरच हात धुऊन मागे लागलाय," कोर्दिंग म्हणाली, आणि ते वाक्य दोन दिवसांत बाजारापर्यंत पोचलं.

ओस्मुंदोला घाई होती, कारण इलोइलो शहरात असलेल्या मुलाने त्याला कायमचं बोलावलं होतं. एकट्याने समुद्रावर जायचं वय राहिलं नाही, इथे आहे कोण तुमचं, असं मुलगा म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ओस्मुंदोने त्याला तार्सिलाचं उत्तर येईपर्यंत थोपवून धरलं होतं. मुलाला मात्र त्याने होडी डागडुजीला आहे असं सांगितलं होतं.

अळ्या कोषात गेल्या. भाताच्या काडांवर पांढरे, पिवळट कोष लगडले. तार्सिलाने ते उतरवले, उकळले, धागा काढला. उकळलेल्या कोषांचा असा उग्र वास सुटला की ओस्मुंदोची तारलीही त्यापुढे फुलासारखी, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही. तो उत्तराची वाट बघत राहिला. उत्तर आलं नाही. उलट दोनदा तो संध्याकाळी आला तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि कोर्दिंगलाही ती कुठे जाते याचा पत्ता नव्हता. तिसऱ्या वेळी तो कुंपणाशी उभा असतानाच रेशीम केंद्राचा माणूस फटफटीवरून आला आणि तार्सिलाच्या हातात कागदात जपून गुंडाळलेली नवी अंडी देऊन गेला.

नवी अंडी म्हणजे नव्या अळ्या, आणि नव्या अळ्या म्हणजे पुन्हा तोच रांजण. ओस्मुंदो समजायचं ते समजला. त्या दिवशी तो हात न धुताच घरी गेला.

रविवारी सकाळी तो आला तेव्हा त्याच्या हातात एक डबा होता आणि डब्यात गंजलेले खिळे. तार्सिला अंगणात रंगकाम करत होती. बदामाची पानं उकळून काढलेल्या पाण्यात तिने नव्या रेशमाच्या लडी बुडवून ठेवल्या होत्या, त्या आता मातकट पिवळ्या झाल्या होत्या. पलीकडच्या घागरीत लोखंडाचं पाणी होतं, नारळाच्या शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, खिळे मुरवून केलेलं. तिने एक लड उचलून त्यात सोडली, हलक्या हाताने दोनदा फिरवली आणि लगेच वर काढली. पिवळा गेला आणि बघता बघता ढगाचा करडा रंग उतरला.

"एवढ्यातच काढलीस?" ओस्मुंदोने विचारलं. सवयीने तो लांबच उभा होता.

"जास्त ठेवली तर लोखंड रेशमाला खातं. रंग येतो, पण कापड दोन वर्षांत फाटतं." तिने लड दोरीवर टाकली आणि डब्याकडे बघितलं. "हे कशाला?"

"तुला लागतात ना. पुढच्या वेळेसाठी मुरत ठेव. मी नसेन आणून द्यायला."

मग त्याने खाली बघतच सांगितलं की मुलाचं ऐकायचं ठरवलं आहे, बुधवारच्या बसने निघतो. ते सांगताना त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि म्हणून त्याने ते पटकन उरकलं.

तार्सिलाने डब्यात हात घालून एक खिळा काढला, उलटसुलट केला. लांब, चौकोनी डोक्याचा खिळा होता.

"हे होडीचे आहेत."

"मोडीतच काढतोय ती. इलोइलोला कुठे नेऊ?"

"सगळी मोडली?"

"नाही. एका बाजूच्या चार फळ्या काढल्यात फक्त."

"बाकीचे खिळे काढू नका," तार्सिला म्हणाली. "मला एवढे पुरेत."

तिने डबा शिरक्याच्या घागरीत रिकामा केला आणि दुसरी लड उचलली. तिचे हात कोपरापर्यंत करडे झाले होते. ओस्मुंदो निघाला. वाटेत त्याच्या मनात आलं, की एवढे दिवस हात धुतले आणि शेवटी बोलणं झालं ते खिळ्यांचं.

त्या संध्याकाळी कोर्दिंग ओरडतच घराबाहेर आली. तिला वाटलं, आपल्या सुनेने वारा न बघता कढई चढवली. पण सून तर अजून तांदूळ निवडत होती. दोघींनी नाक वर करून वास घेतला. लसूण होती, शिरका होता आणि त्यावर खमंग तळलेल्या सुक्या तारलीचा वास होता. तो खाली समुद्राकडून येत नव्हता. तो तार्सिलाच्या चुलीवरून येत होता.

कोर्दिंगचा नातू ओस्मुंदोला सांगायला धावतच वाळूवर गेला. ओस्मुंदो आला तो तसाच, बाहीला खवले चिकटलेला. कुंपणापाशी येऊन त्याने बाह्या वर सारल्या, करवंटीसाठी हात पुढे केला आणि तसाच थांबला. रांजण तिथे नव्हता. जमिनीवर त्याचा ओला गोल वण तेवढा होता.

खिडकीत तार्सिला उभी होती, हातात झारा.

"रांजण कुठाय?" त्याने विचारलं.

"वर, टेकडीवर. माझ्या भाचीच्या माडीवर. अळ्या आता तिथे वाढवणार. गेले कितीतरी दिवस ती खोली सारवत होते, मुंग्या चढू नयेत म्हणून मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत होते. माग आणि रंग इथेच राहतील."

"मग रांजण वर कशाला? मी थोडाच तिथे येणार आहे."

"तुम्हाला कोण बोलावतंय?" तार्सिला म्हणाली. "रोज सकाळी मी जाणार ना तिथे. आता हात मला धुवावे लागतील."

ओस्मुंदो बाह्या वर सारलेल्या अवस्थेतच उभा होता. शेजारच्या खिडकीत कोर्दिंग आणि तिची सून एकमेकींना ढकलत होत्या.

"उभे काय राहिलात?" तार्सिला म्हणाली. "मासळी गार होतेय. आणि उद्या त्या चार फळ्या परत ठोका. खिळे मात्र नवे आणा, जुने मी देणार नाही."