ठिपका पुढे सरकत होता

“ताई, सायकल कुठे आहे ते हे यंत्र सांगेल. माणूस कसा आहे ते फोन करूनच विचारावं लागतं.” मला खोक्यातून काढता काढता सायकलवाल्याने बजावलं होतं. ताईंनी ते कानाआड केलं. त्यांच्या कडेवर लेक होती आणि ती माझी वायर चघळत होती.

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस आहे, सायकलच्या हँडलवर बसणारा वाटाड्या. खरं तर सायकलवरून लांबच्या सफरीला निघालेल्या बाबांना, म्हणजे ताईंच्या वडिलांना, मी नकोच होतो. त्यांना हवा होता माझ्या शेजारचा ठोकळा. बटणांचा, साधे सेल घालून चालणारा.

“पावसात ओल्या बोटांनी या आरशावर काय खाजवू?” बाबा म्हणाले.

“पण त्यात तुम्ही मला दिसणार नाही ना, बाबा. याचा ठिपका माझ्या फोनवर दिसतो.”

झालं. माझी निवड झाली ती बाबांना वाट दाखवायला नव्हे, तर ताईंना बाबा दाखवायला.

तरीही मी मान मोडून काम केलं. ऊन खाल्लं, धूळ खाल्ली, “गाढवा, हा रस्ता आहे का?” हेही ऐकून घेतलं. पण ताईंचे फोन काही थांबेनात. शेवटी बाबा वैतागले. “अगं, चढावर फोन वाजला की मला उतरावं लागतं. ठिपका बघ आणि गप्प बस.” ताई खरंच गप्प बसल्या.

मग एका उतारावर खडीवरून चाक घसरलं. बाबांचा खुबा दुखावला, फोनचा चुरा झाला. एका टेम्पोवाल्याने त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि सायकल टेम्पोतूनच घाट चढून पुढच्या गावी दुरुस्तीला नेली. हँडलवर मी होतोच.

तिकडे घरी ताई फोनवरचा ठिपका बघत नवऱ्याला सांगत होत्या, “बाबा आज सुसाट निघालेत.”

“चढावर?”

“वारा पाठीशी असेल.”

वारा! अहो, एवढ्या वेगाने या वयात चढ कोण चढतं? वेगाचा आकडा तुमच्यासमोर होता. मी आणखी काय करायला हवं होतं, शिट्टी वाजवायची? संध्याकाळी मी दुरुस्तीच्या दुकानात थांबलो, तर ताई म्हणाल्या, “पोचले मुक्कामाला,” आणि निर्धास्त झोपल्या. बाबा मात्र रात्रभर दवाखान्यात ताईंचा नंबर आठवत होते. तो फोनमध्ये असायचा, डोक्यात नव्हता.

सकाळी नंबर आठवला. ताई आल्या, बाबांच्या उशाशी बसल्या आणि त्यांची चादर सारखी करत राहिल्या. बाबाच म्हणाले, “आता विचार की.”

आता बाबा काठी घेऊन चालतात आणि मी खिडकीत धूळ खात पडलोय. कुणी ताईंना विचारलं, लांबच्या सफरीला कोणता जीपीएस घ्यावा, तर त्या आधी उलट विचारतात, “रोज फोन कोण करणार?”

मित्रांनो, तुमच्याही घरचं कुणी आत्ता ठिपका होऊन कुठे सरकत असेल. हे वाचणं इथेच ठेवा आणि त्यांना फोन लावा. कुठे आहात, ते विचारू नका. ते मी सांगतो. कसे आहात, तेवढं विचारा.