चाळीस मिनिटांवरचा नवरा

ट्रेव्हरसाहेबांनी उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या विमानतळाच्या एकुलत्या एका बाकावर बसून लॅपटॉप उघडला आणि जाहीर केलं, "इथून कांगिक दोनशे दहा किलोमीटर. म्हणजे चाळीस मिनिटं."

मी इथे बावीस वर्षं सामान तोलते, तिकिटं तपासते, धावपट्टीवरची कुत्री हाकलते. आमच्याकडून कांगिकला थेट विमान कधी गेलेलं नाही. आधी दक्षिणेला तीन तास, तिथे मुक्काम, मग पुन्हा उत्तरेला तीन तास. पण साहेब आमच्या प्रवासाच्या अडचणी तपासायला खास राजधानीहून आलेले, तेव्हा आम्हाला काय विचारायचं?

"आमचे हेही असंच म्हणाले होते," शेजारची निव्हियाक आजी पुटपुटली.

तिचे 'हे' म्हणजे कोपाक. तीन वर्षांपूर्वी तिने केलेल्या चहात साखर जास्त पडलीय असं तो म्हणाला आणि दोघांचं जुंपलं. "चाळीस मिनिटांत जाळं बघून येतो," असं म्हणून तो बर्फावर गेला, तो गेलाच. आजी रडली नाही, संतापली. भांडण अर्धवट टाकून कोणी जातं का? आता कांगिकला राहणाऱ्या त्याच्या पुतणीने, आलासीने, आपल्या मुलाचं नाव कोपाक ठेवलं होतं. आमच्यात वारलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात, आणि नाव ज्याचं, नातंही त्याचंच. सहा महिन्यांचं ते पोर आजीचा नवरा झालं होतं आणि आजी त्याला जाब विचारायला निघाली होती.

साहेब आणि आजी एकाच विमानाने गेले. दक्षिणेत वादळाने चार दिवस अडकले. पाचव्या दिवशी विमान कांगिकवर पोचलं, धुक्यात दोन घिरट्या घातल्या आणि उतरलं ते थेट आमच्याच धावपट्टीवर.

तेवढ्यात आलासीचा फोन आला. "मावशी, विमान डोक्यावरून गेलं. काकूंना तिथेच बसवून ठेव, आम्ही स्नोमोबाइलने निघालो."

"पण चाळीस मिनिटं..." साहेब बाकावर कोसळत म्हणाले.

"ती अजून चालूच आहेत," म्हणत मी त्यांना चहा दिला.

आठ तासांनी आलासी आत आली. पापण्यांवर बर्फ, पाठीवर, अंगरख्याच्या मोठ्या टोपीत पोर गाढ झोपलेलं. आजीने ते उचलून मांडीवर घेतलं. तीन वर्षं साठवलेल्या शिव्या आता ऐकायला मिळणार म्हणून मी काम सोडून उभी राहिले.

"अहो," आजी म्हणाली, "चाळीस मिनिटं म्हणाला होतात."

पोराने डोळे उघडले आणि जांभई दिली.

"द्या जांभई. मी बोलायला लागले की पहिल्यापासून हेच."

साहेबांनी हळूच वही काढून मला विचारलं, "प्रवासाला एकूण वेळ किती लिहू?"

"तीन वर्षं लिहा," मी म्हणाले.

आजीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिने पोराचं नाक आपल्या बाहीने पुसलं.

"चहा गोडच झाला होता हो," ती म्हणाली.