बाबांचं पानी

टीव्हीवर घातलेली चादर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने ओढून काढली, तसे ओटीवर बसलेले जयवंतकाका उठून आत आले. म्हणाले, सुतक फिटेपर्यंत टीव्ही लावायचा नसतो, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सासूबाई चादरीची घडी घालत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"मी टीव्ही नाय बघत," त्या म्हणाल्या. "मी यांना बघते."

काका टीव्हीसमोरच्या एकुलत्या एक खुर्चीत जाऊन बसले. सुतकात टीव्ही वर्ज्य होता, खुर्ची नव्हती.

माझे सासरे, श्रीपत, मागच्या आठवड्यात भल्या सकाळी वाडीत भाजीला पाणी सोडायला गेले आणि पंपापाशीच कोसळले. मागून कोणीतरी जाईपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटचं काय बोलले, काही बोलले तरी का, कोणालाच ठाऊक नाही. सासूबाईंच्या मनाला तेच लागून राहिलं होतं. रडणं आवरलं की त्या एवढंच विचारायच्या, यांचा आवाज कुठे असेल का रे, कल्पेश?

कल्पेश, म्हणजे माझा नवरा, सगळे फोन धुंडाळून बसला. पण बाबांना फोनवर बोलायचं वावडं होतं. कोणाचाही फोन आला की "घे, तू बोल" म्हणून दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत ते पंगतीत आग्रह करताना दिसतात, तोंड हलतं, पण व्हिडिओवाल्याने वर सनई आणि गाणी चढवून ठेवली आहेत. बारशाच्या व्हिडिओतही तीच तऱ्हा. एवढ्या मोठ्या आयुष्यातला एक शब्द म्हणून शिल्लक नाही. राहिली होती ती फक्त सीरियल.

'एक ठोका तुझ्यासाठी' तिचं नाव. नावावरूनच अक्कल कळावी. हॉस्पिटलची गोष्ट आहे म्हणे. गेलं वर्षभर मी ती संध्याकाळी पोळ्या करताना कानावर पडेल तेवढी ऐकते. त्यातला डॉक्टर संग्राम पेशंटची नाडी धरतो आणि बघतो मात्र डॉक्टर संपदाकडे. ती संपदा ऑपरेशन करून बाहेर येते तेव्हा तिचे केस मोकळे असतात आणि लिपस्टिक नुकतीच लावलेली. ऑक्सिजन लावलेला पेशंट मास्क बाजूला सारून वडिलोपार्जित इस्टेटीवर भाषण देतो आणि भाषण संपल्यावरच प्राण सोडतो. ज्यांनी हे लिहिलं त्यांना एकदा तरी सरकारी दवाखान्यातल्या बाकावर आपलं माणूस घेऊन बसायला लागलं पाहिजे, असं माझं मत. बाबांना मात्र सीरियल जीव की प्राण. मी नाक मुरडलं की म्हणायचे, "तुला काय कलतं, डॉक्टर चांगला हाय."

शूटिंग नायगावच्या बाजूला चालायचं. एक दिवस त्यांचा माणूस गावात हिंडत आला, अस्सल गावचा म्हातारा पाहिजे म्हणाला, आणि बांधावर उभ्या असलेल्या बाबांना बघून जागच्या जागी नक्की करून गेला. सीन छोटाच. खाटेवर पडून राहायचं आणि एकदा म्हणायचं, "डॉक्टर, पाणी."

आता आमच्या घरात हा शब्द म्हणजे जुनं दुखणं. बाबांच्या तोंडात ण नव्हताच. पानी, लोनी, कोन, आनि. कल्पेशच्याही नव्हता. माणिकपूरच्या शाळेत बाईंनी त्याला वर्गासमोर उभा करून 'पाणी' म्हणायला लावलं होतं आणि पोरं फिदीफिदी हसली होती. तेव्हापासून त्याने असा ण धरला की झोपेतही चुकत नाही. घरातल्या 'आये'ची 'आई' झाली तीही तेव्हाच. त्यानेच बाबांची शिकवणी घेतली. जीभ वर न्या, बाबा, टाळूला लावा. बाबा मान उंच करून, डोळे मिटून जोर लावायचे आणि कधी पान्नी यायचं, कधी पाननी. सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. शेवटी कल्पेश वैतागून उठला आणि म्हणाला, "जग हसेल, बाबा."

शूटिंगवरून बाबा आले ते नवरदेवासारखे. डायरेक्टरने आधी दोन-चारदा म्हणायला लावलं, मग म्हणाला, आजोबा, राहू दे, जसं येतं तसं बोला, मस्त वाटतं. "माझं पानीच ठेवलं त्यांनी," हे बाबांनी अख्ख्या गावाला सांगितलं. कल्पेशला तर जेवताना मुद्दाम दोनदा.

आणि चार दिवसांनी ते गेले. आज तो भाग होता.

शेजारची फेलिशिया डाळभाताचं पातेलं घेऊन आली होती. आमच्याकडे चूल बंद, म्हणून बाबा गेल्यापासून एक वेळचं तीच आणते. तिला जाऊ दिलं नाही. सासूबाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात, जमिनीवर. कल्पेश मुंडण केलेलं डोकं भिंतीला टेकून मागे. मी आवाज वाढवला.

आधी जाहिराती. मग संपदाला संग्रामचा फोन लागत नाही, त्याचीच पाच मिनिटं. तिचा चेहरा तीनदा दाखवला, दर वेळी वीज पडल्यासारखा आवाज. दोन खोल्या सोडून बसलेल्या माणसाला फोन कशाला लावतेस, बये, जा की चालत. पुन्हा जाहिराती. पार्किंगमध्ये भांडण. एका नर्सने कारस्थान रचलं आणि ते पूर्ण मोठ्याने स्वतःशीच बोलून दाखवलं, म्हणजे आपल्यासारख्या मठ्ठांना कळावं. मला राग येत होता, पण टीव्हीवरून नजर हलत नव्हती. या फालतू माणसांच्या हातात आमचा एक शब्द अडकला होता.

आणि मग बाबा आले.

हिरव्या चादरीखाली, नाकाला नळी. दाढीचे खुंट पांढरे. उशीवर मान टाकायची तीच पद्धत, जरा डावीकडे. फेलिशियाने क्रूसाची खूण केली. सासूबाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या. बाबांनी डोळे उघडले, ओठ हलले.

"डॉक्टर, पाणी."

आवाज भरदार होता, घोटीव. चहाच्या जाहिरातीत 'नात्यांचा दरवळ' वगैरे म्हणणारा असतो ना, तसा. आणि ण असा खणखणीत, की शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटली असती.

पुढे काय, तर संग्राम पाण्याकडे वळला, पण दारात संपदा उभी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. वारा सुटला. हॉस्पिटलच्या बंद खोलीत वारा. गाणं वाजलं. गाणं संपलं तेव्हा दुसराच सीन होता.

जयवंतकाका भारावून म्हणाले, "बघा, दादा किती शुद्ध बोलला."

एवढी वर्षं एका ताटात जेवलेला सख्खा भाऊ. मला त्या क्षणी काकांना खुर्चीसकट उचलून खाडीत टाकावंसं वाटलं.

सासूबाई वळल्या. "कल्पेश, हे कोन बोललं?"

कल्पेशने सांगितलं. नंतर आवाज बदलतात, आई. डबिंग म्हणतात. दुसरा माणूस बोलतो, ओठ तेवढे बाबांचे ठेवतात. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती. डायरेक्टर खोटं बोलला असेल किंवा वरच्या कोणाला ते पानी खपलं नसेल. अस्सल गावचा म्हातारा पाहिजे म्हणून बांधावरून उचलून नेलात ना? मग चेहरा गावचा चालतो आणि तोंड चालत नाही? ही यांची अस्सल गोष्ट. मी एवढं बडबडले, पण घरात कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं.

सासूबाई तशाच बसून राहिल्या. वाटलं असेल, अजून एकदा दाखवतील, अजून एखादा शब्द असेल. भाग संपत आला तेव्हा ती खोली पुन्हा आली. खाट रिकामी होती, हिरवी चादर नीट अंथरलेली. त्या म्हाताऱ्याचं काय झालं ते कोणी सांगितलंही नाही.

"पानी मागितलं," सासूबाई म्हणाल्या, "आनि कोनी दिलं पन नाय."

त्यांनी उठून टीव्ही बंद केला. घडी केलेली चादर उलगडली आणि पुन्हा वर घातली, कोपरे खाली ओढून नीट केले.

काका जेवायला न थांबता गेले, ते एक बरं झालं. मी पानं मांडली. फेलिशियाने डाळ वाढली आणि ती सासूबाईंच्या शेजारी बसली. सासूबाईंनी भात नुसता चिवडला. कल्पेशने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. तांब्या त्याच्या पुढ्यातच होता, पेला रिकामा होता. तो तांब्याकडे बघत राहिला, घसा खाकरला.

"आये," तो म्हणाला, "पानी दे."

माझ्या हातातला डाव हातातच राहिला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. जड आला, जरा फाटल्यासारखा. पण 'न' बरोबर जिथे असायला हवा तिथेच होता.

सासूबाईंनी मान वर केली. मुलाच्या तुळतुळीत डोक्याकडे, मग तोंडाकडे बघितलं. उठल्या, तांब्या उचलला आणि पेला काठोकाठ भरला. तो पिऊन होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"आनखी?" त्यांनी विचारलं.

कल्पेशने पेला पुढे केला.