चाखायची सुरी

मी सुरी. बोलत्येय ती मीच, इकडेतिकडे बघू नका. लोखंड बोलतं यावर विश्वास बसत नसेल तर राहू दे. माझा तरी माणसांवर कुठे बसतो?

सावर्ड्याच्या लोहारानं मोडक्या कोयतीच्या पात्यातून मला घडवलंन. चिमा घ्यायला आली ती पात्यावर नख मारून, कानाशी धरून, शेवटी जीभ लावून बघायला लागली.

"चिमे, लोखंड खातेस काय गो?" लोहार म्हणाला.

"खोटं असंल तर कळतंय," ती म्हणाली.

अशी माझी मालकीण. नवरा रावजी मुंबईला गिरणीत, आणि ही घरी एकटी. एका वर्षी रावजी काविळीनं पिवळा होऊन आला. कुंपणाला रानातली कडू शिराळी, दोडक्याच्या जातीची वेल, आपली आपण उगवली होती. तिच्या फळाचं औषध कुणीतरी सांगितलंन. ती फळं मीच चिरली. रावजी उठला आणि परत कामावर गेला. औषधानं उठला की आपल्या आयुष्यानं, मला विचारू नका. मला त्या वेलीचा कधीच भरवसा नव्हता. पण चिमानं ती तोडली नाही. उलट हळदकुंकू लावायची.

पुढच्या पावसात रावजीच्या बहिणीनं, आगव्याच्या गोदूबाईनं, चांगल्या शिराळ्याचं बी राखेत घोळवून दिलंन. चिमानं परसात कुदळीनं आळी खणून मांडव चढवलान. शिराळी अशी आली की कापताना मी पाण्यानं भिजायची. दोन्ही वेलींची पिवळी फुलं तिन्हीसांजेला उमलायची, आणि भुंगे-पतंग कुंपणावरून मांडवावर, मांडवावरून कुंपणावर. मला ती ये-जा आवडायची नाही. पण सुरीला कोण विचारतो? चिमानं मांडवावरचं एक शिराळं वाळवून पुढच्या सालाचं बी घरचंच धरलंन.

आता ऋषिपंचमीचं ऐका. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. हातानं पिकवलेल्या साताठ भाज्या एका पातेल्यात शिजवायच्या आणि दिवसभरात तेवढंच खायचं. चिमाच्या परसात बैल कधी शिरला नाही, म्हणून तिच्या भाजीला सावर्ड्यात मान. बी धरल्याच्या पुढच्या साली घरच्या बियाची शिराळी तिनं घरोघर दिलीन.

पुढच्या बाजाराला मास्तरांच्या आनंदीबाई तिच्या टोपलीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"चिमा, काय दिलंस गं हे? अख्खं पातेलं विष झालं! दिवसभर उपाशी राहिल्ये मी. गाईपुढे ठेवलं तर गाईनंही मान फिरवली."

चिमा लाल झाली.

"माजा काय दोष, आनंदीबाय? बी माज्या नणंदेचं. माजं नाव झालेलं तिला बघवत न्हाय."

बी आपण स्वतः धरलं होतं हे ती विसरली, की विसरल्यासारखं केलंन? मला अजून शंका आहे.

सांज व्हायच्या आत बोलणं आगव्याला पोचलं आणि तिकडून उलट निरोप आला, "तिला म्हणावं, माज्या दारात पाय ठेवू नको. भाऊ माजा हाय, ती कोन?"

त्या दिवसापासून बाजारात जो तो म्हणायचा, "आधी तू खा." चिमा प्रत्येक शिराळ्याचा शेंडा माझ्याकडून काढून चावायची आणि मग द्यायची. निम्मी कडू निघायची. चांगलं बी मिळालं नाही तर पुढच्या ऋषिपंचमीला तिच्या टोपलीकडे कुणी बघणार नव्हतं. म्हणून मला कमरेला खोचून ती वाडीवाडीत हिंडायला लागली. असुर्ड्याला तवशाची काकडी चाखलीन, चिबूड चाखलंन. एका परसात पडवळ चाखून झाल्यावर भोपळ्याचं फूलसुद्धा चावून बघितलंन. घरवालीला राग आला.

"चिमे, पानी पन चाखून घे. हीर माजीच हाय."

"चाखते की," म्हणून चिमानं खरंच घोटभर प्यायलंन!

वहाळ गावाला गंगा म्हणून एक बोळकी म्हातारी भेटली. तिनं सगळं ऐकून घेतलंन आणि एकच विचारलंन, "तुज्या कुंपनाला कडू शिराळी हाय काय गो?"

"हाय. माज्या घोवाचा जीव वाचवलान तिनं."

"मग लोकांची परसं कशाला चाखत फिरतेस? ती तिथं हाय तवर भुंगं तिची फुलधूळ आनून तुज्या मांडवाचं बी बाटवनार. माज्या सासूची तीन वर्सं ह्यात गेली."

चिमा घरी आली. एक फळ कुंपणाचं तोडलंन, एक मांडवाचं. दोन्हींच्या कापा जिभेला लावल्यान आणि तिथेच मातीत बसली. दोन्हींचा कडूपणा एकच. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ते कळून काय उपयोग, चिमाला ऐकू जाईल असं तोंड नव्हतं.

मग वेलीला हात जोडलेन आणि मला बुंध्यावर चालवलंन. तोडताना ती रडत होती.

दुसऱ्या दिवशी आगव्याला गेलो. गोदूबाई दारातच उभी.

"आलीस? सगळा मुलूख चाखून झाला, माजंच घर ऱ्हायलं व्हतं?"

"चुकलं, वन्सं. कडू माज्याच कुंपनाला व्हतं."

"बोललीस बाजारात, आनि चूक सांगतेस माज्या दारात?"

"बाजारात पन सांगन. आनंदीबायच्या म्होरं सांगन."

आढ्याला टांगलेलं वाळकं शिराळं काढून गोदूबाईनं पुढे टाकलंन. त्याच वेलीचं कोवळंही आणून ठेवलंन.

"घे, हे बियाचं. आनि हे चाख. मागनं माजं नाव घेऊ नको."

चिमाचा हात कमरेला गेला. मला बाहेर काढलंन. मी तयारच होते. पण तिनं मला ओटीवर ठेवलंन आणि वाळकं शिराळं पदरात बांधलंन.

"न्हाय चाखत."

"सुरी ऱ्हायली तुजी."

"ऱ्हावंदे."

ती पाणंदीतून दिसेनाशी झाली. गोदूबाईनं मागे बघितलंन, पुढे बघितलंन, आणि मला उचललंन. कोवळ्या शिराळ्याचा शेंडा कापलान. जिभेवर ठेवून डोळे मिटून किती वेळ चावत राहिली. मग सुस्कारा सोडलान.

गोड होतं.

चिमानं बाजारात आपली चूक सांगितलीन, असं गोदूबाई शेजारणीला सांगत होती. मी तिथं नव्हते, तेव्हा शपथ घेणार नाही. पण पुढच्या ऋषिपंचमीला नणंद भावजयीकडे जेवायला गेली, एवढं खरं.

आता मी आगव्याच्या चुलीमागे. घासून घासून पातं बोटाएवढं झालंय, मूठ सैल झाल्येय. फणस सोडून काहीही कापायला लावा, ना नाही. फक्त मला कमरेला खोचून नात्यातल्या घरी नेऊ नका.