बावीस इंचांची कंबर

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबते ती. पिवळा रंग उडालाय, टोकाचे पत्रे सैल झालेत, पण खोटं मी कधी बोलले नाही. पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांचीही मी कधी भीड ठेवली नाही.

माझी मालकीण बायकामुलींचे कपडे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी कापायचं टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांत बसून गणितं सोडवणारी तिची लेक. वही मिटली की मात्र ही लेक एका जागी ठरेल तर शपथ! म्हणून तिला सगळे खारू म्हणत.

घेरदार फ्रॉक हा मालकिणीचा हातखंडा. कापडाची चौघडी करायची, कोपऱ्यावर माझं टोक अंगठ्याने दाबायचं आणि खडूसकट मला फिरवायचं. कापून उलगडलं की मधोमध गोल पडतो, त्यात कंबर बसते. तो गोल केवढा हवा, यासाठी मालकीण कंबरेच्या मापाला सरळ सहाने भागायची आणि येईल त्या आकड्यावर मला धरायची. सैल झालंच तर एखादी चुणी घ्यायची.

एकदा खारूने टेबलाखालून डोकं काढलं. "आई, तुझं सहा चुकतंय. कंबर म्हणजे परीघ. तो व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो, बावीस सप्तमांश. माझी कंबर बावीस, म्हणून व्यास सात. त्याच्या निम्मी त्रिज्या, साडेतीन. बघ कापून!"

"आता तूच शिकव मला शिवण," मालकीण म्हणाली, पण कापलं साडेतीनवरच. फ्रॉक असा चपखल बसला की एक चुणी घ्यावी लागली नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला ती हे ऐकवत होती.

पुढचं सांगताना माझा धीर सुटतो. ते वर्ष फार घाईचं गेलं. दिवसाला वीस कंबरांभोवती मी फिरायचे, घरच्या कंबरेभोवती एकदाही नाही. "ती काय, डोळ्यांसमोरच तर आहे," मालकीण म्हणायची. खारूचं जेवण कमी झालं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. जिना चढताना ती मध्येच बसायची. वाढीचं वय आहे, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्यातच शाळेत तिला गणिताचं पहिलं बक्षीस जाहीर झालं. इस्पितळातून चार दिवस घरी सोडलं होतं, तेवढ्यात नवा फ्रॉक शिवायचा होता. मालकिणीने निळं कापड काढलं, लेकीला कॉटवर बसवलं आणि मला तिच्या कंबरेभोवती गुंडाळलं. मी एकोणीसवर थांबले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला खोटं बोलावंसं वाटलं.

मालकिणीने मला सोडून पुन्हा गुंडाळलं, तरी एकोणीसच. खारूनेच वाकून आकडा वाचला. "अगं आई, घाबरतेस काय? परिघातून तीन इंच गेले, तर त्रिज्येतून जेमतेम अर्धा जातो. तीनवर काप. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मालकिणीने टेबलाकडे तोंड फिरवून डोळे पुसले. चौघडी केली, कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि मला धरलं ते साडेतीनवर. नवशिकी बाईसुद्धा असं करत नाही. लहान कापलेला गोल मोठा करता येतो, मोठा कापलेला लहान होत नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना शिकवायची. तरी तिने कात्री चालवली.

"आई, मोठं कापलंस."

"असू दे. भरशील तू."

"आणि नाही भरले तर?"

"भरशील म्हटलं ना!" मालकीण जवळजवळ ओरडलीच.

खारू भरली नाही. बक्षीस घ्यायला मालकीण एकटीच गेली. फ्रॉक कुणाच्या तरी मुलीला देऊन टाक, असं शेजारणी सांगतात. ती ऐकून घेते आणि फ्रॉकची घडी पुन्हा नीट करून ठेवते. मशीनवर कापड टाकलेलं आहे. मी त्या निळ्या घडीत पडून असते.

माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माझं काय, झिजायचंच होतं. पण आपलं माणूस डोळ्यांसमोर आहे म्हणून ठीक आहे, असं समजू नका. अधूनमधून त्याला जवळ ओढा, दोन्ही हातांनी कवेत घ्या. हात नेहमीपेक्षा जास्त पुरले, तर तिथेच थांबा आणि विचारा. समोरून बघितलं तर फरक एकेका बाजूला अर्ध्या इंचाचाच असतो. भोवती हात घातल्याशिवाय तो कळत नाही.