हौदाच्या तळाशी मी पाणी धरतो

मित्रांनो, या काचेच्या कारखान्याची भट्टी माझ्या हुकमावर चालते, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना फूट व्हॉल्व्ह आहे. राहायला हौदाच्या तळाशी, गाळापासून वीतभर वर. माझे हुकूम आजवर एका बेडकाने ऐकले, आणि तोही अर्ध्यातून उठून गेला.

पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाला मी लटकतो. पाणी वर जाऊ लागले की माझी झडप उघडते, थांबले की मिटते. चढलेले पाणी मी पुन्हा खाली सांडू देत नाही. वितळलेल्या पितळेतून मला ओतले तेव्हा ओतारी म्हणाला होता, "याला वेळेवर तोंड मिटता आलं की झालं." ते मला जमले. जुन्या पंपाखाली मी बरीच वर्षे काढली आणि कोणी माझे नावही घेतले नाही. आमच्या धंद्यात यालाच कौतुक म्हणतात.

मग नवा पंप आला. त्याचे पाइप जोडायचे सगळे काम पहिल्यांदाच मिस्त्रीबाईंवर सोपवले होते. साहेबांनी बजावले, "भट्टी पेटायच्या आत तिला गार ठेवणारं पाणी चढलं, तर पुढच्या सगळ्या लाइनी तुमच्या. नाही चढलं, तर मी बाहेरचा माणूस आणणार." बाईंच्या जोडीला त्यांचे सख्खे काका होते. काकांची हयात पाइपांत गेलेली, आणि आपल्या कामात कोणी बोट घातलेले त्यांना खपत नसे.

पंपात पाणी भरले, बटण दाबले. थोडे पाणी आले, मग पंप खडी चावल्यासारखा कडकडू लागला आणि धार तुटली. पुन्हा भरले, पुन्हा तेच.

"खालचा जुना व्हॉल्व्ह गळतोय," काका म्हणाले. "मोडीत घाल त्याला."

"बघितलात का तुम्ही?"

"मला न बघताच कळतं."

"काकूलाही न बघताच होकार दिला होतात म्हणे."

"बरंच झालं. तिनं मला बघितलं असतं तर नाही म्हणाली असती."

मला वर काढले. इतक्या वर्षांनी ऊन पाहिले, आणि समोर थेट भंगाराचा ढीग. पण बाईंनी मला पाइपासकट उभे केले, पाइप पाण्याने भरला आणि खाली कोरडा कागद पसरला. मी होता नव्हता तेवढा जोर लावून तोंड मिटले. कागद कोरडाच राहिला.

"हा गळत नाही, काका."

मग बाई वर राहिलेल्या पाइपावरून हात फिरवत पंपापर्यंत गेल्या. तिथे जाड पाइपाला पंपाच्या बारीक तोंडाशी जोडणारा एक तुकडा असतो, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उतरता. काकांनी त्याची सपाट बाजू खाली ठेवली होती.

"आधारावर कसा ऐटीत बसलाय बघ," काका म्हणाले.

"देखणा आहे. पण वरच्या फुगवट्यात हवा अडकून बसतेय. तीच पाणी तोडते."

काकांनी त्या फुगवट्यावरून बोट फिरवले. मग पाना उचलून म्हणाले, "धर, पोरी."

तुकडा फिरवून सपाट बाजू वर घेतली, पाइप खाली यावा म्हणून आधार छाटला, मला पुन्हा पाण्यात सोडले. बटण दाबले.

मित्रांनो, पंप पाणी ओढतो असे मलाही वाटायचे. तो फक्त वर जागा रिकामी करतो. हौदावर थेट आभाळापर्यंतची हवा दाबून बसलेली असते, आणि ती पाण्याला वर ढकलते. त्या दिवशी माझी झडप उघडली आणि सगळे आभाळ माझ्या घशातून वर चालले आहे असे वाटले. हौद थरथरला. कडकड नव्हती, फक्त एक खोल, अखंड घुमणे. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या वाटेवर आपल्याला उभे केले आहे, हे कळून मी गप्प झालो. तसा मी गप्पच असतो, पण हे गप्प बसणे वेगळे होते.

काका पाइपाला हात लावून उभे होते. साहेब आले, त्यांनी दाबाच्या काट्याकडे पाहिले आणि काकांना विचारले, "पुढची लाइन कधी घेताय?"

"तिला विचारा," काका म्हणाले. "मी तिच्या हाताखाली आहे."

मित्रांनो, जे दिसत नाही त्याच्यावर आळ घेण्याआधी एकदा ते वर काढून बघत जा. वर्षाकाठी माझ्या तोंडावरची जाळी तेवढी घासा.

आणि काका भेटले तर सांगा, मला सोडताना हौदात वाकून बघितले तेव्हा पडलेला त्यांचा चष्मा माझ्यापाशी आहे. एक काच शाबूत आहे.