बऱ्या दिवसाचा दवाखाना

"बरा हाय म्हणून तर आणलाय, म्याडम! बघा तरी!" मनुबाईनं शंभूराजला खांद्याला धरून डॉक्टरीणबाईंपुढं उभा केला. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. पोरगा कसा नवरदेवासारखा दिसत होता.

"बरा असेल तेव्हा आणा," असं बाईंनी मागच्या खेपेला सांगितलं, तेव्हा मनुबाई चाटच पडली होती. बऱ्या माणसाला कुणी कराडच्या दवाखान्यात नेतं होय? आजवर तिनं त्याला नेला तो एकतर अंथरूण धरून रडायला लागल्यावर, नाहीतर झोप उडून सगळ्या उंब्रज गावाला जेवणाचं आवतण देत सुटल्यावर. दोन्ही वेळी कानात कुणीतरी बोलतंय म्हणायचा. एका डॉक्टरनं नैराश्य म्हटलं, दुसऱ्यानं चढउताराचा आजार. व्यसन नव्हतं, रक्तही तपासून झालेलं. आता धडधाकट पोरगा बघून बाई गोळ्या बंद करतील, याच आशेवर ती एस्टीत बसली होती.

"झोप कशी आहे, शंभूराज?"

"चांगली हाय."

"आणि मन?"

"त्ये बी बरं हाय. रोज मळ्यात जातूय."

मनुबाईची छाती फुगली. "मी काय म्हनत हुते!"

"आवाज?"

शंभूराजनं आईकडं बघितलं, मग खाली. "हायती. आत्ता बी हायती. भांगलण झाल्यापासनं, महिना झाला, रोज येत्यात."

"काय बोलतुयास रं? मला कवा बोलला न्हाईस!"

"मी बरा असलो की तू लय खूश असतीस, आये. कसं सांगू?"

बाईंनी समजावून सांगितलं. मनाचे चढउतार तर होतातच, पण मन ठिकाणावर असतानाही आठवडेच्या आठवडे आवाज येतात. हे दोन्ही मिळून एकच आजार, स्किझोअफेक्टिव्ह. "बरा असताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं, मावशी. आज त्यानं स्वतः सांगितलं, म्हणून कळलं. गोळ्या बंद नाही करायच्या, बदलूया."

परतीच्या एस्टीत मनुबाईला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर पोराचा अभिमानही वाटत होता. आईची आशा मोडून खरं बोलायचं, खायचं काम आहे का ते?

"आता काय म्हनतंय रं कानातलं त्ये?" तिनं हळूच विचारलं.

शंभूराजनं खिडकीबाहेर बघितलं. "म्हनतंय, आईला मान खाली घालाय लावलीस."

मनुबाईनं पदर सावरला आणि ताठ बसली.

"बघ माज्याकडं. हाय का खाली?"